रक्त तपासून घे

५ मार्च

धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारतात. मी विचारत नाही. तू सांगणार नाहीस, आणि माझी सांगण्यासारखी नाही. तेव्हा कामाचंच लिहिते.

लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली आत्या परवा घरी आली होती. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीतच आहे. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत तिने सांगून टाकलं की तुला दिवस गेलेत, पाचवा महिना लागलाय. ऐकलं आणि मी चक्क हसले. आई आतून ओरडली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "धाकटीला दिवस गेलेत." तीसुद्धा हसली. मग आम्हा दोघींना आठवलं की आता तुमच्या-आमच्या घरात बोलणं नाही.

हे पत्र फाडायच्या आधी एवढं आठव. लॉन्ड्रीत हॉस्पिटलच्या मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन, ताणायची, झटकायची आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. तू नवीन आलीस तेव्हा हमखास उलटी वळायचीस आणि चादरीला पीळ पडायचा. तुला बोलणी खायला घातली नाहीत असा एक दिवस मी सोडला नाही. तरी दुसरी जोडीदारीण मागायला तू कधी गेली नाहीस. लोक आपल्याला सख्ख्या बहिणी समजायला लागले, थोरली आणि धाकटी म्हणायला लागले, आणि आपणही ती नावं खुशाल लावून घेतली.

मळक्या गाठोड्यांच्या खोलीत तुझ्या नवऱ्याने माझं काय केलं ते मी इथे लिहिणार नाही. पोलिसांना सांगितलं, डॉक्टरीणबाईंना सांगितलं, कोर्टात दार लावून घेऊन सांगितलं. तू त्याचं खरं मानलंस. आत्या म्हणते तू रडून रडून मानलंस. मानावंच लागलं असेल, ज्या घरात राहायचं त्या घराचं ऐकावं लागतं. मी त्याला भाऊजी म्हणायचे. लॉन्ड्रीची गाडी घेऊन आला की "या भाऊजी, आणा आमची घाण" म्हणून चेष्टा करायचे. आता त्या शब्दाचं काय करायचं मला कळत नाही, म्हणून तुझा नवरा असंच लिहिते.

सांगायचं ते असं. मोठ्या सरकारी दवाखान्यात नाव घाल. सासूच्या ओळखीच्या सुईणीच्या भरवशावर राहू नकोस. आणि रक्ताच्या ज्या ज्या तपासण्या असतील त्या सगळ्या करून घे. साखर बघतील, हिमोग्लोबिन बघतील, कावीळ बघतील. काही तपासण्यांना आधी विचारतात, "करायची का?" आणि आपण लाजेकाजेस्तव नको म्हणतो. तू नको म्हणू नकोस. एखादी राहून गेली असं वाटलं तर तूच विचार, राहिली का म्हणून.

एवढं का सांगते ते विचारू नकोस. थोरली आहे म्हणून सांगते.

तुझी थोरली

२ एप्रिल

धाकटे,

माझं पत्र तुझ्या हातात पडलंच नाही. तुझ्या सासूने ते फोडलं आणि नळावर चार बायकांत मोठ्याने वाचून दाखवलं, "साखर, हिमोग्लोबिन, कावीळ" सगळं. बाईंना वाचता बरं येतं, हे नव्याने कळलं. आणि वर म्हणाल्या म्हणे, "हिने माझ्या लेकाचं रक्त काढायला लावलं, आता हिला सुनेचं पण हवंय!"

आत्या हे सांगताना हसत होती आणि डोळेही पुसत होती. म्हणून हे पत्र तिच्याच हाती देते आहे. तिच्या पोटात बातमी राहत नाही, पण कागद राहतो.

सासूबाईंचं अर्धं खरं आहे. रक्त मीच काढायला लावलं. ते कसं झालं ते तुला कुणी सरळ सांगितलं नसणार, म्हणून सांगते.

पहिल्या दिवशी मला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची बाटली हातात ठेवली. म्हणाल्या, "त्या माणसात एचआयव्ही आहे की नाही आपल्याला माहीत नाही. असला तर या गोळ्यांनी तुमच्यात शिरणार नाही. महिनाभर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही." मी विचारलं, "त्याचंच रक्त तपासलं तर? नसलं तर मी कशाला खाऊ?" त्या म्हणाल्या, "त्याच्या तपासणीची वाट बघू नका. ती होईल तेव्हा होईल. तुम्ही गोळ्या संपवा." चांगल्या बाई होत्या. दहा वेळा तेच सांगितलं.

त्या गोळ्या काय असतात तुला सांगू? तोंडाला सतत गंजलेल्या लोखंडाची चव. अन्नाचा वास आला की पोट वर यायचं. आई दाराशी बादली घेऊन बसायची. मला एकच ध्यास लागला होता, तो तपासून घेऊ दे, नाही म्हणून कळू दे, मी सुटते. आमच्या वकीलबाईंनी अर्ज केला. आरोपीची एचआयव्ही तपासणी कोर्ट करायला लावू शकतं, इच्छा असो नसो. तुझ्या नवऱ्याचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, माणसाचं रक्त त्याचं स्वतःचं असतं, अजून गुन्हा शाबीत नाही, जबरदस्ती कशी करता? तारीख पडली. मग पुन्हा पडली. एकदा तर न्यायाधीशच रजेवर होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण मला कुणी शहाणी म्हटलं होतं? हुकूम निघाला तोपर्यंत गोळ्यांचा महिना कधीच उलटून गेला होता. वरातीमागून घोडं. त्या गोळ्यांचं पुढे काय झालं ते राहू दे.

तपासणीच्या दिवशी मी तिथे नव्हते. नंतर एका हवालदाराने चौकीत सांगितलं, तो हात देईना, दोघांनी धरला, तिसऱ्याने सुई टोचली. हवालदार मोठ्या खुशीत सांगत होता. त्याला वाटलं मलाही बरं वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं आधी. पण ऐकताना माझेच हात आखडले. नको म्हणत असलेल्या माणसाला धरून ठेवणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तो माझा वैरी आहे, त्याची दया मला आली नाही, पण आनंदही झाला नाही. मी पदर तोंडावर घेऊन बाहेर आले.

काय निघालं, ते मला एका बंद खोलीत एकटीला सांगितलं. आणि लगेच बजावलं की हे बाहेर कुणालाही बोलायचं नाही. बोललात तर कारवाई तुमच्यावर होईल.

म्हणून मी काही बोलत नाही. फक्त पुन्हा सांगते, रक्त तपासून घे. सासूला नको सांगूस. तुझ्या पायांनी जा, तुझ्या तोंडाने सांग, सगळं तपासा म्हणून. आत्याजवळ नुसतं "गेले" एवढं सांगून पाठव. मला बाकी काही नको.

थोरली

११ मे

धाकटे,

"गेले" असा निरोप आला नाही. आला तो असा की तो जामिनावर सुटला आणि घरी आला.

दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. आईने दाराला आतून खुर्ची लावून ठेवली. ती खुर्ची म्हणजे आपली मोडक्या पायाची. मी म्हटलं, "आई, तो आला तर खुर्चीच आधी पडेल." ती म्हणाली, "पडली म्हणजे आवाज तरी होईल."

आता तो तुझ्याजवळ आहे, एका छताखाली. मला झोप लागत नाही ती माझ्या भीतीने नव्हे.

तो बाहेर काय बोलत सुटलाय तेही कळलं. म्हणतो, "रोग तिच्यातच असणार, नाहीतर तपासणी मागायचं तिला सुचलं कसं?" चोराच्या उलट्या बोंबा! धाकटे, पहिल्या दिवशी माझं रक्त घेतलं होतं ते स्वच्छ होतं. ते कोर्टात आहे. पण नळावर कोर्ट कुठे भरतं? लॉन्ड्रीच्या मालकाने मला बोलावून सांगितलं, "थोडे दिवस विश्रांती घ्या." नवऱ्याने टाकलेल्या माझ्यासारख्या बाईला विश्रांती कोण देतो ते न कळण्याइतकी मी कुक्कुलं बाळ नाही. त्याला गिऱ्हाइकांची भीती. ज्या हॉस्पिटलच्या रक्तापुवाच्या चादरी आपण उघड्या हातांनी मोजल्या, त्या हॉस्पिटलला माझ्या हाताची भीती! मी म्हटलं, बरं. आता मी पडदे शिवणाऱ्याच्या दुकानात बसते. पडद्याच्या खालची पट्टी दुमडायची आणि टाके घालायचे. काम एकटीचं आहे. दिवसभर कुणाशी भांडण नाही, म्हणून जीव कंटाळतो.

तो सुटल्याचं कळलं आणि मी समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे गेले, दवाखान्यातल्या. विचारलं, "बाई, एखाद्या माणसात काही निघालं आणि त्याची बायको पोटुशी असली, तर तिला कोण सांगतं?"

"एखाद्या म्हणजे कुणाच्या?"

"एखाद्या म्हणजे एखाद्या."

त्या समजल्या. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "आम्ही त्या माणसाला सांगतो, बायकोला घेऊन या. आणलं तर तिची तपासणी करतो, औषध सुरू करतो. आईला औषध मिळालं तर बहुतेक बाळं सुखरूप निघतात."

"आणि नाही आणलं तर?"

"पुन्हा सांगतो."

"तोवर बाळ थांबतं का?"

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. त्यांचेही हात बांधलेले.

तिथून वकीलबाईंकडे गेले. त्या माझ्यापेक्षा वयाने लहान, पण ओरडतात माझ्या आईसारख्या. "तुम्ही तिला एक अक्षर लिहायचं नाही! उद्या त्यांचा वकील उभा राहील आणि म्हणेल, बघा, ही बाई आरोपीच्या बायकोला धमक्या देते, गुप्त माहिती फोडते, हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? हातचा खटला घालवाल."

मी मान डोलावली. आणि आता तुला लिहीत बसले आहे.

अगं, कधीतरी एकदा माझं ऐक. चादर उलटी वळवलीस तर पुन्हा झटकता येते. इथे तसं नाही. तू म्हणत असशील, ही बया माझ्या रक्ताच्या मागे का लागली आहे. राग धर माझ्यावर, हवा तेवढा धर, पण दवाखान्यात जा.

थोरली

३० मे

धाकटे,

आता आडून आडून सांगणं पुरे झालं. आत्या म्हणाली, तुझा सातवा सुरू आहे आणि सासू सुईणीकडेच घेऊन जाते.

तुझ्या नवऱ्याच्या रक्तात एचआयव्ही आहे. कोर्टाने तपासून घेतलं, मला सांगितलं, त्यालाही सांगितलं. त्याला सांगून तीन महिने होत आले. त्याने तुला सांगितलं असतं तर आत्तापर्यंत तू दवाखान्यात दिसली असतीस.

घाबरून खाली बसू नकोस, आधी पुढचं वाच. तुझ्यात असेलच असं नाही. असलं तरी औषध आहे, ते फुकट मिळतं, आणि अजून वेळ गेलेली नाही. बाळंतपण दवाखान्यातच कर, सुईणीकडे नको. बाळालाही जन्मल्यावर औषध देतात. दूध पाजायचं की नाही, कसं पाजायचं, ते त्यांना विचार, शेजारणीला नको. समुपदेशन करणाऱ्या बाई तळमजल्यावर बसतात, औषधांच्या खिडकीच्या उजव्या हाताला. माझं नाव सांगू नकोस, सांगितलंस तरी चालेल.

हा कागद तुझ्या नवऱ्याच्या वकिलाला मिळाला तर माझ्या खटल्याचं काय होईल ते वकीलबाईंनी मला दोनदा समजावून सांगितलंय. तो सुटेलही. मी खूप विचार केला. मला न्याय हवाय, आजही हवाय, त्याला गजाआड बघायचंय, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या पोटातल्या जिवाने माझं काही वाकडं केलेलं नाही, आणि तूही केलेलं नाहीस. तुला फसवलं, मला फसवलं, माणूस एकच.

तेव्हा कागद तुझ्या हातात आहे. जाळ, ठेव, वकिलाला दे. फक्त आधी रक्त तपासून घे.

तुझी
थोरली

१९ नोव्हेंबर

धाकटे,

काल औषधाच्या खिडकीसमोर तू मला विचारलंस, "ताई, तू इथे कशाला?" तुझ्या कडेवर लेक होती, मागे रांग होती, आणि खिडकीतला माणूस माझ्या हातात पिशवी सरकवत होता. मी म्हटलं, लिहून कळवते. तुझा चेहरा असा झाला की मला वाटलं उत्तर तुला कळलंच. तरी कळवते म्हटलं होतं, म्हणून लिहिते.

आधी लेकीचं. काल तिला पहिल्यांदा बघितलं. नाक तुझं आहे, बिचारीचं. पहिली तपासणी चांगली आली म्हणालीस, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी रांगेत उभ्या उभ्या रडले, आणि मागच्या म्हाताऱ्याला वाटलं मलाच काही वाईट सांगितलं. पुढच्या तपासण्या अजून आहेत. एकही चुकवू नकोस.

आता जूनमधल्या त्या दुपारचं बोलते. मी ते मनात इतक्या वेळा घोळवलंय की त्यातलं किती तू बोललीस आणि किती मी घातलं, सांगता येत नाही. चुकलं तर सुधार.

तू पडद्यांच्या दुकानात आलीस. मला वाटलं गिऱ्हाईक आलं, म्हणून मी वर न बघताच म्हटलं, "मालक जेवायला गेलेत." तू म्हणालीस, "ताई, मी आहे." पोट एवढं पुढे आलेलं, आणि उन्हातून चालत आलेली. मी तुला स्टूल दिलं, पाणी दिलं. तू पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "तुझं पत्र मी जाळलं. कुणाला दाखवलं नाही."

मी म्हटलं, "दवाखान्यात गेलीस का?"

"ताई, मी जातेच. पहिल्यापासून जाते. सुईणीकडे जाते ते सासूला दाखवायला."

मला वाटलं, चला, नळावर वाचलेल्या माझ्या पहिल्याच पत्राचा उपयोग झाला. मी अगदी खूश होऊन विचारलं, "मग तपासलं का? काय निघालं?"

तू पदराचं टोक पिळत बसलीस. मग म्हणालीस, "मला माहीत होतं, ताई."

"काय?"

"त्यांचं. आणि माझंही. मागच्या खेपेला माझं पोटातच गेलं ना, तेव्हाच तपासणीत निघालं होतं. दोघांत निघालं. त्यांनी थोडे दिवस गोळ्या घेतल्या, मग म्हणाले मी ठणठणीत आहे, आणि सोडून दिल्या. मी घेते. पिठाच्या डब्यात ठेवते, सासूला दिसू नयेत म्हणून."

धाकटे, शिवणयंत्राचं चाक मी हाताने धरून ठेवलं होतं, एवढं आठवतं. मागच्या खेपेला म्हणजे आपण जोडीने चादरी झटकत होतो तेव्हा. तुझं बाळ गेलं तेव्हा तुझ्या वाट्याच्या कामाच्या पाळ्या मी केल्या होत्या, तेव्हा.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस? त्या आठवड्यात? मी गोळ्या खाऊन लोळत होते तेव्हा?"

"कसं सांगणार? तू कोर्टात सांगितलं असतंस. मग माझंही सगळीकडे झालं असतं. कामावरून काढलं असतं. सासूने घरात ठेवलं नसतं. मी जाणार कुठे?"

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. मला कामावरून काढलंच की, नुसत्या संशयावर. तुझं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, हे मला तिथे बसूनही कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त राग येत होता, कारण तो राग काढायला जागा राहिली नव्हती.

मग तू म्हणालीस, "मी आत्याकडून निरोप धाडला होता, गोळ्या सोडू नकोस म्हणून. मिळाला ना?" आणि माझ्या हातावर हात ठेवून विचारलंस, "पूर्ण घेतल्यास ना, ताई? महिनाभर?"

मी म्हटलं, "घेतल्या."

तू किती मोठा श्वास सोडलास! तोंडावर हात घेऊन रडलीस. जाताना माझ्या पाया पडायला वाकत होतीस, मी पोटाकडे बघून अडवलं.

निरोपाचं मी आत्याला विचारलं. तिने आठवून आठवून पाहिलं. म्हणाली, "नाही गं. असा निरोप असता तर मी विसरले असते का? दहा जणींना सांगून मग तुला सांगितला असता." तेव्हा तो निरोप तू धाडला नव्हतास. धाडायचं मनात आलं असेल, आणि पुढे धाडला असंच वाटायला लागलं असेल. असू दे. त्याच बसल्या जागी मीही तुला खोटंच सांगितलं. पोटुशा बाईला दुसरं काय सांगायचं? आता तू मोकळी झालीस, लेक सुखरूप आहे. आता ऐक.

त्या गोळ्या मी पूर्ण घेतल्या नाहीत. अर्ध्यावर सोडल्या. तीन महिन्यांनी माझं रक्त पुन्हा तपासलं, त्यात निघालं. त्याचा निकाल ऐकला त्याच आठवड्यात माझा ऐकला. आता त्या खिडकीवरून तू नेतेस तीच औषधं मीही नेते. डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळ्या नीट घेतल्या तर म्हातारी होशील. मी म्हटलं, आमच्या आईसारखी म्हातारी नको. त्या हसल्या. तब्येत बरी आहे. आईला सांगितलेलं नाही, ती गोळ्या रक्तदाबाच्या समजते. खटला चालू आहे, पुढची तारीख आली की मी जाणार, आणि तुझं नाव माझ्या तोंडून कधी निघणार नाही. ही भीती तू मनातून काढून टाक.

गोळ्या का सोडल्या असं कुणी विचारलं तर मी सांगते, उलट्या सोसवेनात. डॉक्टरीणबाईंनाही तेच सांगितलं. त्या हळहळल्या, रागावल्या नाहीत. पण ते खरं नाही. उलट्या मी सोसल्या असत्या. मी सोसायला काही कच्ची नाही.

तुला खरं सांगते, कारण तू काल विचारलंस.

दुसऱ्या आठवड्यात मी माझे कपडे आणि डबा न्यायला लॉन्ड्रीत आले होते. तुला वाटलं मी तुला बघितलं नाही. मी दारातच उभी होते. तू खिडकीपाशी एकटीच चादर घडी करत होतीस, एक टोक हनुवटीखाली दाबून, माझ्याशिवाय. हात भरलेले, गालांवर लाली, कुठे काही कमी नाही. मी बघत राहिले आणि मनात म्हटलं, त्याच्यात काही असतं तर आधी हिच्यात आलं असतं. हिला तर काही झालेलं नाही. आणि काही असतंच, तर हिने मला सांगितलं असतं. बाकी जगाने नसतं सांगितलं, पण धाकटीने सांगितलं असतं.

घरी गेले आणि बाटली कचऱ्यात टाकून दिली. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

थोरली